वाइनचा प्रदेश रासायनिक पृथक्करणातून कितपत कळतो?

प्रश्न असा आहे : वाइनच्या काही बाटल्यांवर एका नामांकित प्रदेशाचे नाव छापलेले आहे, परंतु चव आणि भाव यांचा मेळ बसत नसल्याने घेणाऱ्याला शंका आली आहे. प्रयोगशाळेत पृथक्करण करून ती वाइन त्याच प्रदेशातली आहे की नाही हे सिद्ध करता येईल का, आणि येत असेल तर कोणती एक चाचणी करून घ्यावी?

वाइनमधील समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वस्तुमानाचे अणू) मोजण्याच्या कामात माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मला नेहमी याच शब्दांत विचारला जातो. म्हणून आधी प्रश्नाचीच थोडी दुरुस्ती करतो. ‘ही वाइन कुठली?’ याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही. ‘ही वाइन लेबलवर लिहिलेल्या ठिकाणची, लिहिलेल्या वर्षाची असू शकते का?’ याचे उत्तर मात्र पुष्कळदा देता येते. त्यातही प्रयोगशाळेचा नकार भक्कम असतो आणि होकार कच्चा असतो. मोजलेला आकडा त्या प्रदेशाच्या खऱ्या वाइनमध्ये कधीच आढळत नसेल, तर लेबल खोटे आहे असे धीटपणे म्हणता येते. तो आकडा त्या प्रदेशाशी जुळला, तर एवढेच कळते की लेबल खोटे ठरवण्यास पुरावा मिळाला नाही, कारण तोच आकडा दुसऱ्या दहा प्रदेशांतही सापडू शकतो. पुढील सगळे विवेचन हा फरक मनात ठेवून वाचावे.

सुरुवात पाण्यापासून करतो. वाइनमध्ये सर्वांत जास्त असते ते पाणी, आणि भेसळ करणाऱ्याचे त्याच्याकडे सहसा लक्ष नसते. पाण्याच्या काही रेणूंमध्ये नेहमीच्या ऑक्सिजन-16 ऐवजी जड ऑक्सिजन-18 असतो. ढग समुद्राकडून जमिनीवर, सपाटीवरून डोंगरावर आणि उष्ण भागांतून थंड भागांकडे सरकतात तसे जड रेणू पावसाबरोबर आधी खाली येतात, आणि पुढे पडणारा पाऊस हलका होत जातो. वेलीची मुळे हे पाणी शोषतात तेव्हा त्यात काही बदल होत नाही. पाने आणि द्राक्षाचे मणी यांतून बाष्प निघून जाते तेव्हा मात्र हलके रेणू आधी उडतात आणि द्राक्षाच्या रसात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. हवा जितकी उष्ण आणि कोरडी तितकी ही वाढ जास्त. आंबवताना या पाण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून वाइनच्या पाण्यातील ऑक्सिजन-18 हे त्या मळ्यावर पडलेल्या पावसाचे आणि त्या मोसमातील हवेचे एकत्रित टिपण ठरते. समुद्राच्या पाण्याचे प्रमाण शून्य धरले, तर थंड व ओलसर प्रदेशातील वाइनचे पाणी शून्याच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असते. उष्ण व कोरड्या प्रदेशात ते दर हजारी 5 च्या पुढे सहज जाते.

ही मोजणी करायला सोपी आहे. वाइनचा थोडासा भाग बंद कुपीत कार्बन डायॉक्साइडबरोबर ठरावीक तापमानाला काही तास ठेवायचा, दोघांमध्ये ऑक्सिजनची देवाणघेवाण पूर्ण होऊ द्यायची आणि मग तो वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वस्तुमानानुसार रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा. मोजणी सोपी असल्यामुळेच तिच्यावरून घाईने निष्कर्ष काढले जातात. एकदा माझ्याकडे एक पांढरी वाइन आली. तिचे ऑक्सिजन-18 त्याच प्रदेशाच्या, त्याच वर्षाच्या संदर्भ-नमुन्यांपेक्षा, म्हणजे मूळ खात्रीने माहीत असलेल्या वाइनपेक्षा, 2 एककांहून (दर हजारी) अधिक खाली होते. पाणी मिसळले की असेच होते, आणि मी अहवालाचा मसुदा तसाच लिहिला. तो पाठवण्यापूर्वी सवयीप्रमाणे तोडणीच्या तारखा मागवल्या. संदर्भ-नमुन्यांची द्राक्षे सुमारे तीन आठवडे आधी तोडलेली होती, तर या उत्पादकाने उशिरा तोडणी केली होती आणि मधल्या काळात आठवडाभर पाऊस झाला होता. मण्यातील पाणी झपाट्याने बदलते आणि तोडणीपूर्वीच्या शेवटच्या दिवसांचाच ठसा त्यावर सर्वाधिक असतो. त्याच मळ्याशेजारी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन मिळवून मोजली, तेव्हा तीही तितकीच खाली आली. एका प्रामाणिक माणसावर भेसळीचा ठपका बसणार होता. तेव्हापासून तोडणीची तारीख हाती आल्याशिवाय ऑक्सिजनच्या आकड्यावर मी मत देत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे अल्कोहोल. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजनच्या वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागी ड्युटेरिअम, म्हणजे जड हायड्रोजन, किती आहे हे एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद टिपणाऱ्या यंत्राने) वेगवेगळे मोजता येते. फ्रान्समधील नांत विद्यापीठात जेरार्ड मार्तँ आणि मारिव्हॉन मार्तँ यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत उभी केली. तिचा मूळ हेतू प्रदेश ओळखणे हा नव्हताच. द्राक्षरसात साखर घालून अल्कोहोल वाढवले आहे का, हे तिच्यातून पकडायचे होते. इथेनॉलच्या एका टोकाच्या मिथाइल गटातील (CH₃) ड्युटेरिअम मुख्यतः साखरेकडून येते. बीटच्या साखरेपासून झालेल्या अल्कोहोलमध्ये ते दशलक्षात सुमारे 92 भरते, उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून झालेल्यात सुमारे 110, आणि द्राक्षाचे या दोहोंच्या मध्ये, 100 च्या आसपास असते. येथे लगेच लक्षात येते की बीट आणि ऊस यांची साखर योग्य प्रमाणात एकत्र करून घातली, तर ड्युटेरिअमचा आकडा द्राक्षासारखाच दिसेल. ही पळवाट बंद करण्यासाठी त्याच अल्कोहोलचे कार्बन-13 मोजतात. द्राक्ष आणि बीट यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत एक, तर ऊस आणि मका यांची वेगळी असल्याने पहिल्या जोडीचे कार्बन-13 ठरलेल्या मानकाच्या तुलनेत दर हजारी उणे 24 ते उणे 29 या पट्ट्यात असते आणि दुसऱ्या जोडीचे उणे 10 ते उणे 14 मध्ये. दोन्ही आकडे एकाच वेळी द्राक्षाच्या कक्षेत आणून ठेवणे भेसळ करणाऱ्याला फार कठीण जाते.

प्रदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, रसातील पाणी व साखर दोन्ही त्या हवामानात घडलेली असल्याने अल्कोहोलवरही हवामानाचा ठसा उतरतो. आणि हे दोन साक्षीदार एकमेकांशी न जुळले, तर ते जुळण्याइतकेच बोलके असते. समजा, थंड प्रदेशातील रसात उष्ण प्रदेशातून आणलेला, शुद्ध केलेला घट्ट द्राक्षरस घातला आहे. अशा वेळी अल्कोहोलचा एक हिस्सा उष्ण प्रदेशाकडे झुकतो आणि पाणी मात्र थंड प्रदेशाचेच राहते, कारण घट्ट रसातील पाणी आधीच काढून टाकलेले असते. केवळ अल्कोहोल मोजणाऱ्याला ही वाइन दुसऱ्याच प्रदेशाची वाटेल. अशी भर कित्येक ठिकाणी कायद्याने परवानगी असलेली आहे, त्यामुळे प्रत्येक विसंगती म्हणजे फसवणूक असे धरून चालत नाही.

या चाचणीतील सर्वांत नाजूक टप्पा एनएमआर यंत्रात नसून त्याआधीच्या ऊर्ध्वपातनात असतो. अर्धा लिटर वाइन फिरत्या पट्टीच्या स्तंभातून 78.0 ते 78.2 अंशांच्या अरुंद पट्ट्यात सुमारे पाच तास उकळत ठेवायची आणि जवळजवळ सगळे अल्कोहोल उतरवून घ्यायचे. वेळ वाचवण्यासाठी शेवटचा भाग सोडून दिला, तर हलके आणि जड रेणू सारख्याच वेगाने उतरत नसल्याने समस्थानिकांचे प्रमाणच बदलते, आणि पुढचे यंत्र कितीही महागडे असले तरी ते चुकीचाच आकडा अचूकपणे मोजते. म्हणून अहवाल वाचताना मी सर्वप्रथम अल्कोहोल किती टक्के परत मिळाले हे पाहतो. त्या जागी आकडा नसेल, तर पुढचे पान उलटत नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यावाचून वरचे सगळे आकडे मुके आहेत : संदर्भ-नमुने. युरोपीय संघाने 1991 पासून वाइनच्या समस्थानिकांचा अधिकृत माहितीसंच ठेवला आहे. सदस्य देशांतील ठरवून दिलेल्या मळ्यांतून दरवर्षी द्राक्षे तोडून आणतात, अधिकृत देखरेखीखाली लहान प्रमाणावर त्यांची वाइन करतात आणि ऑक्सिजन, ड्युटेरिअम व कार्बन मोजून नोंदवतात. दरवर्षी हे पुन्हा करण्याचे कारण उघड आहे : पाऊस आणि ऊन दरवर्षी वेगळे असते, आणि गेल्या वर्षीचा आकडा यंदाच्या वाइनला लावणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाचा सण ठरवण्यासारखे आहे. माझ्या मते या संपूर्ण शास्त्रातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. भर उन्हात मळ्यात उभे राहून टोपलीवर तारीख, मळा आणि द्राक्षाची जात लिहिणाऱ्या माणसाच्या नोंदीवरच पुढे न्यायालयातला निष्कर्ष उभा राहतो. ज्या प्रदेशाचे असे खात्रीचे नमुने कोणी गोळाच केलेले नाहीत, त्या प्रदेशाबद्दल ऑक्सिजनच्या आधारे मत देणाऱ्या प्रयोगशाळेपासून दूर राहावे. दुकानातून आणलेल्या बाटल्यांना संदर्भ मानणे तर सर्वथा चूक, कारण ज्याची शहानिशा करायची त्यालाच त्यात साक्षीदार केलेले असते.

हवामानाचा ठसा वर्षागणिक बदलतो, तर खडकाचा बदलत नाही. येथे स्ट्रॉन्शिअम उपयोगी पडते. रुबिडिअम-87 हे समस्थानिक अत्यंत संथपणे, सुमारे 4900 कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने, स्ट्रॉन्शिअम-87 मध्ये बदलते. म्हणून खडक जितका जुना आणि त्यात रुबिडिअम जितके जास्त, तितके त्यातील स्ट्रॉन्शिअम-87 आणि स्ट्रॉन्शिअम-86 यांचे गुणोत्तर मोठे. तरुण बेसॉल्टमध्ये ते 0.703 ते 0.705 च्या घरात, समुद्रात साचलेल्या चुनखडीत साधारण 0.707 ते 0.709 आणि जुन्या ग्रॅनाइटमध्ये अनेकदा 0.715 च्या वर असते. वेल हे गुणोत्तर बदलत नाही, द्राक्षरस आंबतानाही ते बदलत नाही. इटलीतील एटना आणि व्हेसुव्हिअस या दोन्ही ज्वालामुखींच्या उतारांवर द्राक्षे होतात, दोन्हीकडची जमीन काळी, आणि तरीही एटनाच्या लाव्हाचे गुणोत्तर 0.7035 च्या आसपास, तर व्हेसुव्हिअसचे 0.7075 च्या आसपास आहे. पाचव्या दशांश स्थळापर्यंत मोजणाऱ्या यंत्रासाठी हे अंतर प्रचंड आहे.

मात्र या मोजणीत एक पेच आहे. रुबिडिअम-87 आणि स्ट्रॉन्शिअम-87 यांचे वस्तुमान जवळजवळ सारखेच असल्याने यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाहीत, आणि वाइनमध्ये रुबिडिअम भरपूर असते. म्हणून वाइनमधील सेंद्रिय द्रव्य नायट्रिक आम्लाने जाळून टाकायचे, उरलेले द्रावण स्ट्रॉन्शिअमच धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या बोटभर नळीतून थेंबाथेंबाने सोडायचे, रुबिडिअम धुऊन टाकायचे आणि मग स्ट्रॉन्शिअम उतरवून घ्यायचे, हे सारे धूळविरहित खोलीत करावे लागते. त्यात दिवस जातात आणि ते खर्चिक आहे. शिवाय नकाशावरच्या खडकाचा आकडा थेट वाइनला लावता येत नाही, कारण मूळ जे शोषते ते मातीतील विरघळणारे स्ट्रॉन्शिअम असते. किनाऱ्याजवळच्या मळ्यावर समुद्राचे तुषार येतात आणि समुद्राचे गुणोत्तर 0.7092 आहे. नदीने वाहून आणलेली माती दूरच्या डोंगराचे गुणोत्तर घेऊन येते. खते आणि सिंचनाचे पाणी यांचाही परिणाम होतो. त्यामुळे खडकापेक्षा मातीचा अर्क, आणि मातीच्या अर्कापेक्षा त्याच मळ्यातील द्राक्षे मोजणे केव्हाही चांगले. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की, 0.708 ते 0.709 हा पट्टा चुनखडीवरील असंख्य मळ्यांना सारखाच लागू पडतो. तेथे स्ट्रॉन्शिअम जुळले याचा अर्थ फारच थोडा.

अनेक मूलद्रव्यांचे प्रमाण एकदम मोजण्याची आयसीपी-एमएस पद्धत (अतितप्त वायूत नमुना अणूंपर्यंत फोडून ते वस्तुमानानुसार मोजणारी) वेगवान आहे, म्हणून ती लोकप्रिय आहे. एका दिवसात ढीगभर नमुने होतात आणि लिथिअमपासून युरेनिअमपर्यंत आकड्यांची भली मोठी सारणी हाती येते. पण वाइन मळ्यातून सरळ बाटलीत जात नाही. पोलादी टाक्यांतून क्रोमिअम आणि निकेल येते, बुरशीनाशकाच्या फवारणीतून तांबे येते, पितळी तोटीतून तांबे, जस्त आणि शिसे येते. पांढरी वाइन निवळण्यासाठी वापरतात ती बेंटोनाइट माती तर याबाबतीत सर्वांत दगाबाज. एकाच टाकीतील वाइनचे निवळण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन नमुने शेजारी ठेवा : डोळ्यांना दिसते ते एवढेच की पहिला किंचित गढूळ आहे आणि दुसरा काचेसारखा स्वच्छ. यंत्रात मात्र दुसऱ्या नमुन्यातील दुर्मिळ मृदा धातूंचे (लँथेनम, सेरिअम यांसारख्या) प्रमाण अनेक पटींनी वाढलेले दिसू शकते, आणि त्या धातूंचा आपापसातील आकृतिबंध मळ्याच्या मातीचा न राहता बेंटोनाइटच्या खाणीचा झालेला असतो. दुर्मिळ मृदा धातूंच्या आधारे मळा ओळखल्याचा दावा ऐकला की मी आधी वाइन कशाने निवळली हे विचारतो. लिथिअम, रुबिडिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम, बोरॉन हे त्या मानाने जास्त विश्वासाचे, पण त्यांनाही तळघराचा संसर्ग अगदीच होत नाही असे नाही.

सुगंधी द्रव्ये आणि एनएमआरने टिपलेला वाइनचा एकूण ठसा यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रदेशापेक्षा द्राक्षाची जात, यीस्ट, लाकडी पिंप आणि मुरण्याचा काळ यांचा प्रभाव त्यांवर अधिक असतो. उदाहरणार्थ, पिनो न्वार या द्राक्षाच्या जातीच्या सालीत अ‍ॅसिल गट जोडलेली अँथोसायनिन रंगद्रव्ये नसतात. त्या नावाच्या बाटलीत ती आढळली तर दुसरी जात मिसळली आहे असे खात्रीने म्हणता येते, पण त्यातून गावाचा पत्ता लागत नाही. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या सात मळ्यांतील 80 वाइनचे गॅस क्रोमॅटोग्राफीचे (बाष्परूप घटक एकेक करून वेगळे करणाऱ्या पद्धतीचे) संपूर्ण आलेख संगणकाला शिकवले आणि संगणकाने जवळजवळ प्रत्येक वाइनचा मळा अचूक ओळखला. काम उत्तम आहे. मात्र त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे : संगणकाला सातांपैकी एक निवडायचा होता. आठव्या मळ्याची वाइन दिली असती, तरी त्याने सातांपैकीच एकाचे नाव घेतले असते.

सांख्यिकीतील हीच खोच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ‘दिलेल्या गटांपैकी हा नमुना कोणाच्या जवळचा?’ असे विचारणाऱ्या पद्धती नेहमी कोणाचे तरी नाव सांगतातच. लेबलच्या शहानिशेसाठी हव्या असतात त्या पद्धती एकाच प्रदेशाभोवती सीमा आखतात आणि नमुना आत आहे की बाहेर एवढेच सांगतात. दुसरी चूक पडताळणीत होते. एकाच उत्पादकाच्या दोन बाटल्यांपैकी एक शिकवण्यासाठी आणि दुसरी परीक्षेसाठी घेतली, तर संगणक प्रदेश शिकत नाही, तो त्या तळघराची टाकी ओळखायला शिकतो, आणि अहवालात 98 टक्के यश झळकते. परीक्षेसाठी असे उत्पादक आणि असे वर्ष घ्यावे, जे संगणकाने आधी पाहिलेलेच नाही. असे केल्यावर यशाचा आकडा बराच खाली येताना मी अनेकदा पाहिला आहे, आणि विश्वास ठेवायचा तो त्या खाली आलेल्या आकड्यावरच.

मिश्रणाचा हिशेबही करून पाहावा. युरोपीय नियमांनुसार संरक्षित भौगोलिक निर्देश असलेल्या वाइनमध्ये किमान 85 टक्के द्राक्षे त्या प्रदेशातील असावी लागतात, तर संरक्षित मूळनाम असलेल्या वाइनमध्ये ती सर्वच्या सर्व त्याच प्रदेशातील लागतात. आता दुसऱ्या प्रकारच्या वाइनमध्ये कोणी 15 टक्के बाहेरची वाइन मिसळली आणि दोन्हींच्या ऑक्सिजन-18 मध्ये 4 एककांचा फरक असला, तर मिश्रण 0.6 एककाने सरकेल. एकाच प्रदेशाच्या, एकाच वर्षाच्या खऱ्या नमुन्यांचा पसाराच सहज त्याहून मोठा असतो. म्हणजे संपूर्ण बनावट बाटली पकडता येते, थोडीशी भर बहुधा निसटते.

म्हणूनच मी कागदपत्रांना रसायनाइतकेच महत्त्व देतो. फ्रान्सच्या लांग्दॉक भागातून स्वस्त मर्लो आणि सिरा ही वाइन पिनो न्वार म्हणून अमेरिकेला विकली गेली होती आणि कार्कासोनच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2010 मध्ये संबंधितांना दोषी ठरवले. ती फसवणूक उघड झाली ती हिशेबतपासणीत, कारण विकलेली पिनो न्वार त्या भागात पिकणाऱ्या पिनो न्वारपेक्षा जास्त भरत होती. पृथक्करणाने संशयाला दुजोरा मिळतो किंवा संशय फिटतो, परंतु कोठे पाहायचे हे बहुधा बिलेच सांगतात.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. सीझिअम-137 च्या चाचणीबद्दल अनेकजण विचारतात. बाटली न उघडता गॅमा किरणांनी ही चाचणी होते हे खरे, पण ती वाइनचे वय तपासते : अणुचाचण्यांपूर्वीच्या वाइनमध्ये हे किरणोत्सारी समस्थानिक नसते. प्रदेशाबद्दल ती काही सांगत नाही.

तेव्हा तुमच्या बाटल्यांचे काय करावे? एका चाचणीवर भिस्त ठेवू नका. लेबलवर वर्ष असेल आणि तो प्रदेश युरोपीय माहितीसंचात असेल, तर पाण्याचे ऑक्सिजन-18, इथेनॉलचे ड्युटेरिअम आणि कार्बन-13 या तीन मोजण्या एकत्र करून घ्या, आणि त्या वर्षाच्या अधिकृत संदर्भाशी तुलना करू शकणारी प्रयोगशाळा निवडा, कारण हा माहितीसंच सर्वांसाठी खुला नाही. वर्ष नसेल किंवा संदर्भ नसेल, तर ऑक्सिजनवर खर्च करू नका. त्या प्रदेशाचा खडक आसपासच्या संशयित प्रदेशांहून खरोखर वेगळा असेल, तरच स्ट्रॉन्शिअम करा. नमुना म्हणून एकाच खेपेतील किमान तीन न उघडलेल्या बाटल्या द्या आणि चौथी मोहोरबंद करून स्वतःकडे ठेवा. अर्धवट उघडलेली बाटली पाठवू नका, कारण सैल बुचातून उडणारे बाष्प ऑक्सिजन-18 वर ढकलते आणि थंड प्रदेशाची वाइन उष्ण प्रदेशाची भासू लागते. सोबत पुरवठादाराकडून तोडणीची तारीख, द्राक्षाची जात, साखर किंवा घट्ट रस घातला होता का आणि निवळण्यासाठी काय वापरले, ही चार उत्तरे लेखी मागवा. ती उत्तरे मिळाली, तर आकड्यांचा अर्थ लावता येईल. टाळाटाळ झाली, तर त्याच पत्रव्यवहाराची प्रत नमुन्यांबरोबर प्रयोगशाळेला पाठवा.